आमच्या गल्लीचं शून्य

मी गल्लीची तापवाली. आरोग्य केंद्राने दिलेलं नाव लांबलचक आहे, ते कुणाच्या तोंडात बसत नाही. दर सोमवारी दारोदार जायचं, पिंपात वाकून डासांच्या अळ्या शोधायच्या आणि "कुणाला ताप?" म्हणून विचारायचं. ताप असला की बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त किटवर तपासायचं. पण हल्ली सगळीकडे एकच उत्तर, "छे हो, ठणठणीत!" अजून सहा दिवस असेच गेले की मलेरियाचा एकही रोगी नसलेली तीन वर्षं पूर्ण! मग मोठे डॉक्टर येणार, गल्ली मलेरियामुक्त जाहीर करणार आणि मी भाषण ठोकणार. खोटं कशाला बोलू, आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

कौतुक नव्हतं ते फक्त सासूबाईंना. "लोकांच्या पिंपात डोकं घालणारी सून मिळाली, नशीब आमचं!" हे त्यांचं रोजचं पालुपद.

त्या दुपारी मी लवकर घरी आले. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि या बाई दोन स्वेटर चढवून कपाटाच्या आड बसलेल्या. दात कडकड वाजत होते.

"अहो आई, ताप आहे तुम्हाला!"

"काही नाही. तू जा, पिंपं बघ जा."

कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. मी सुई काढली, तसा त्यांनी हात पाठीमागे लपवला.

"सहा दिवस थांब," त्या म्हणाल्या. "मग हवं तेवढं टोच. आठवडाभर सोसलंय, अजून सहा दिवसांत काही मरत नाही. चांगलं भाषण पाठ केलंयस, माझ्यापायी विचका नको."

आजवर मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"चुलीत गेलं ते भाषण! बोट द्या!"

त्यांनी बोट पुढे केलं. किटवर दुसरी रेघ उमटली. मलेरियाच. केंद्राला फोन केला, पहिल्या गोळ्या समोर बसून गिळायला लावल्या आणि मग मोरीत जाऊन मनसोक्त रडले.

माझं ओरडणं गल्लीभर गेलं असणार. तासाभरात दारात शिंपी हजर, मान खाली. "ताई, चिडू नका. मलाही दोनदा थंडी वाजून ताप आला. घरच्याच गोळ्या खाल्ल्या. म्हटलं, तुमचं शून्य कशाला बिघडवा?" त्याच्यामागे दूधवाली, कडेवर मलूल झालेली लेक.

"हिला कधीपासून?"

"चार दिवस झाले," ती पुटपुटली.

म्हणजे सोमवारी हिने मला हसत हसत थाप मारली होती! रागावू तरी कुणावर? बिघडू नये म्हणून जपलेलं ते शून्य मीच तर सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

पोरीला मांडीवर घेतलं, बोट पुसलं, सुई टोचली. तिने असं काही भोकाड पसरलं की शिंपी दोन पावलं मागे सरला. मला मात्र बरं वाटलं. कित्येक दिवसांनी माझ्यासमोर कुणीतरी दुखतंय म्हणून रडलं होतं.