तिसऱ्या थराची चव

टेगनने एकदम दोन पदव्या घ्यायला घेतल्या होत्या, स्थापत्य अभियांत्रिकी आणि विज्ञान. पाच वर्षं, दोन इमारती आणि मधे बदकांचं तळं. त्या तळ्याला वळसा घालून ती दिवसातून चारदा धावायची, आणि खरं सांगायचं तर ते धावणंही तिला आवडायचं. ऑस्ट्रेलियातल्या त्या वलंगाँग विद्यापीठात आपल्याइतकं मजेत कुणी नाही अशी तिची खात्री होती.

अडचण एकच. वर्षभराच्या प्रकल्पासाठी तिघांचा गट करायचा होता आणि अर्ज आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. अभियांत्रिकीच्या वर्गातल्या डेक्लन आणि थाओला तिसरं माणूस हवं होतं, आणि टेगनला ती जागा.

"तू निम्मा वेळ त्या भूगर्भशास्त्राच्या दगडवाल्यांकडे," डेक्लन सकाळी बसमध्येच म्हणाला होता. "आम्हाला अख्खा माणूस हवाय. आज तुझं काम बघू, मग ठरवू."

काम सोपं दिसत होतं. ओढ्याकाठी जिथे पादचारी पूल व्हायचा होता, तिथे कमरेएवढा खड्डा खणलेला. त्यात उतरायचं आणि मातीच्या चार थरांची नावं लिहायची. तिसऱ्या थराशी गाडी अडली.

"चिकणमाती. हाताला चिकटतेय बघ," डेक्लन म्हणाला.

थाओ तळहातावर मातीची शेवई वळत होती. ती तुटली. पुन्हा वळली, पुन्हा तुटली. "मला गाळ वाटतोय. चिकणमाती अशी तुटत नाही."

"उन्हाने सुकलीय. पाणी घाल."

टेगनला उत्तर काढायची एक रीत माहीत होती. भूगर्भशास्त्राच्या वर्गात ती सगळेच वापरायचे. पण इथे, या दोघांसमोर? दगडवाली म्हणतातच, उद्यापासून मातीखाऊ म्हणतील. आणि गप्प बसलं तर चिकणमाती लिहिली जाईल, तीही आपल्या डोळ्यांदेखत.

तिने चिमूटभर माती उचलली आणि पुढच्या दातांत धरली.

"ईऽ, टेगन," थाओ मागे सरकली.

"किरकिर लागतेय. गाळ आहे. चिकणमाती लोण्यासारखी लागते."

"शी. तू चाखतेस काय?"

"तू रोज सकाळी पावाला ते काळं, खारट व्हेजिमाइट फासून खातोस, डेक्लन. तू बोलू नकोस."

थाओ इतकी हसली की खड्ड्याच्या कडेलाच बसली. डेक्लनला मात्र टेगनला खोटं पाडायचंच होतं. त्याने तिसरा थर चावला. किरकिर लागलीच. मग चौथा चावला, दुसरा चावला आणि पहिल्यापाशी चेहरा पाडून म्हणाला, "हा पण किरकिरतोय. आपण चिकणमाती लिहिलंय."

"आपण नाही. तू," थाओ म्हणाली.

शिकवणाऱ्या रॉझने कागद पाहिला. "ही खाडाखोड कशाला?"

"किरकिर लागली," डेक्लन पुटपुटला.

"लागली? कुठे?"

"दातांना."

रॉझने आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. टेगनने हात वर केला. "मी शिकवलं."

"उत्तरं बरोबर आहेत. आता चुळा भरा. आणि माझ्या प्रयोगशाळेत असलं काही दिसलं तर दाराबाहेर उभं करीन."

बसमध्ये थाओने अर्ज मांडीवर घेतला आणि तिसऱ्या रकान्यात टेगनचं नाव लिहिलं. डेक्लन पाण्याची बाटली तोंडाला लावून मान डोलावत होता.

"भेटायचा वार?" थाओने विचारलं.

टेगनने आपलं वेळापत्रक उघडलं. "गुरुवार. सकाळी साडेसात. बाकी कुठे जागाच नाही."

"साडेसात?" डेक्लनने बाटली खाली ठेवली. मग थाओच्या हातातलं पेन घेऊन स्वतःच लिहिलं, गुरुवार, साडेसात.