आई, बसलात का?

डेपोत तिला सगळे घाईबाई म्हणत. त्यात कुणाला काही वाईट वाटत नसे, तिलाही नाही. बस धुण्याच्या कामात ही घाई सोन्यासारखी होती. इतरांची एक बस होईपर्यंत हिच्या दोन धुऊन कोरड्या होत. पण तिला बस धुवायची नव्हती, चालवायची होती, आणि तिथे हीच घाई मुळावर आली. ड्रायव्हरच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा एकाच कारणानं: बस सुटताना हिसका बसतो. डेपोचा नियम तीन संधींचा होता. तिसरी गेली की जन्मभर पाण्याचा पाइप आणि बादली.

तिला शिकवणारा म्हातारा ड्रायव्हर सरळ बोलणारा माणूस होता. डेपो त्याला उस्ताद म्हणे.

"तुझी वळणं ठीक, आरसे ठीक, गिअर तर माझ्यापेक्षा बरे पडतात," तो म्हणाला. "पण ब्रेक सोडताना तू बसमध्ये नसतेसच. पुढच्या थांब्यावर पोचलेली असतेस. हे मला नाही शिकवता येत. घरी बसून शिक."

तिनं ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची मांडली, पायाशी पेडल म्हणून तीन जुन्या चपला ठेवल्या, स्टिअरिंग म्हणून हातात मोठ्या पातेल्याचं झाकण घेतलं, कपाटाच्या कडीला आरसा अडकवला आणि निघाली. ओट्याला टेकून सासूबाई हे बघत होत्या.

सासूबाईंचं बसशी वैर होतं, आणि ते फुकाचं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्या बसमध्ये चढल्या, बसायला वळल्या आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं हिसका देऊन गाडी काढली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हातात काठी आली आणि बस सुटली. बहिणीचं घर चार थांब्यांवर, पण तिकडेही त्या गेल्या नाहीत. 'ड्रायव्हर म्हणजे यमाचे मेहुणे' हे त्यांचं कायमचं मत. सूनच ड्रायव्हर व्हायचं म्हणते हे कळल्यावर त्यांनी अबोला धरला होता. पण मुलगा पहाटे बेकरीतून येऊन दुपारपर्यंत झोपायचा, मग बोलणार कुणाशी? म्हणून अबोला मोडला, एवढंच.

"निघालीस?" सासूबाई म्हणाल्या. "आणि माणसं?"

"कुठली माणसं?"

"बसमधली. बसली का उभी आहेत, बघितलंस?"

मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं, सुनेच्या पाठीमागे ठेवलं आणि म्हणाल्या, "विचार मला. मी सांगितल्याशिवाय पाय हलवायचा नाही."

तिथून ते रोजचंच झालं. डेपोत जाण्याआधी खुर्ची, चपला, झाकण. डावा हात गुडघ्यावर ठेवायचा आणि विचारायचं, "आई, बसलात का?" मागून "बसले" आलं की मग ब्रेक. सासूबाई काही लगेच बसत नसत. आधी काठी भिंतीला टेकवायची, ती घसरली की पुन्हा उचलायची, मग चष्मा शोधायचा. सुनेच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा दूध उतू चाललेलं दोघींना दिसत होतं. सून उठायला लागली तशी सासूबाई म्हणाल्या, "मी अजून उभी आहे." सगळं दूध शेगडीवर गेलं, आणि मगच "बसले" आलं.

"दूध पुसता येतं," शेगडी पुसणाऱ्या सुनेला त्या म्हणाल्या.

त्या दिवशी ती चिडलेलीच कामावर गेली. पण नंतर नंतर गुडघ्यावर हात ठेवला की डोक्यातला पुढचा थांबा आपोआप मागे सरायला लागला. स्टूल करकरलं की तिला न बघताही कळायचं, आता टेकल्या.

तिसऱ्या परीक्षेला परीक्षक म्हणून भरघोस मिशांचा एक गृहस्थ आला. हसणं त्याला वर्ज्य असावं. रिकाम्या बसमध्ये तो मधल्या बाकावर बसला आणि म्हणाला, "चला." तिनं आरसे बघितले, इंजिन चालू केलं, हात गुडघ्यावर ठेवला.

"आई, बसलात का?"

तोंडातून निघून गेलं.  तिचे कान तापले. चूक झाली ती झाली, आता निदान निघावं म्हणून तिनं पाय उचलायला बघितला, तर पाय उचलेना. उत्तराशिवाय हलायचं नाही हे तो इतकं पक्कं शिकला होता.

"कोण आई?" परीक्षकानं विचारलं.

"कुणी नाही साहेब. बसलोय, एवढं म्हणा."

"मी बसलेला दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसताय. पण म्हणा."

तिनं आरशात बघितलं. तो उठून उतरणार असं तिला वाटलं, आणि सगळं संपलं असंही वाटलं. मिशी जराशी हलली.

"बसलोय," तो म्हणाला.

बस निघाली. परीक्षकाच्या मांडीवर आडवं ठेवलेलं पेन होतं तिथेच राहिलं. फेरी संपल्यावर त्यानं सही केली आणि उतरता उतरता म्हणाला, "पास आहात. आणि मी तुमची आई नाही."

घरी ही गोष्ट ऐकून सासूबाई काठी आपटून आपटून हसल्या. पण माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी माझ्याच बसनं या, असं सुनेनं म्हटल्यावर हसू मावळलं. "मला आपली घरातली बस बरी," त्या म्हणाल्या. सुनेनं आग्रह केला नाही, पण तिला वाईट वाटलं. ड्रायव्हर व्हायचं ते काय फक्त परक्या माणसांसाठी?

पहिल्या दिवशी ती प्रत्येक थांब्यावर विचारत होती, "बसलात का सगळे?" लोक हसत, कुणीतरी "हो" म्हणे. कंडक्टर मात्र घड्याळ दाखवत होता.

बाजाराच्या थांब्यावर दारातून आधी काठी आत आली.

सासूबाई ड्रायव्हरकडे न बघता आत गेल्या. एकानं जागा दिली. त्या बसल्या नाहीत, दांडा धरून उभ्या राहिल्या. आरशात त्यांची बोटं पांढरी पडलेली दिसत होती. कंडक्टरनं घंटी दिली.

तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "आई, बसलात का?"

उत्तर नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. कंडक्टरनं पुन्हा घंटी दिली, मग नुसतीच वाजवत राहिला. एक प्रवासी म्हणाला, "अहो बाई, निघा की." तिचा पाय हलला नाही. तिला घाईही वाटत नव्हती.

काठी बाकाला टेकवल्याचा आवाज आला. ती घसरली. कुणीतरी उचलून दिली. मग बाक करकरला.

घरी त्या नुसतं "बसले" म्हणायच्या. आज पुढचंही म्हणाल्या.

"बसले. चल आता, लोकांना उशीर होतोय."