जांभ्याचा नंबर

रत्नागिरीतल्या निदान चाळीस बागायतदारांच्या पेट्यांवर जो आंबा छापलेला असतो तो एकच आहे, आणि तो मी काढलेला आहे. कुणाकडे देठ डावीकडे, कुणाकडे उजवीकडे. कुणाला दोन पानं, कुणाला तीन. पावसला एक आप्पा होते, त्यांना आपला आंबा शेजारच्या बागेतल्या आंब्यापेक्षा जरा मोठा हवा होता. मी तो कॉम्प्युटरवर कोपऱ्याला धरून ओढला. आप्पा खूश होऊन गेले.

छापखान्यात अठरा वर्षं मी हे केलं. लग्नपत्रिकांवरचे गणपती, दवाखान्यांच्या पाट्या, पेट्यांची लेबलं. लेबलावर बागेचं नाव असतं, फोन नंबर असतो, तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. माझं नसतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत आले.

जानेवारीत पुण्याहून वेदिका नावाच्या मुलीचा फोन आला, लेबलावरच्या छापखान्याकडून माझा नंबर घेऊन. ती लहान मुलांची पुस्तकं काढते. तिच्याकडे आंब्याची एक रिकामी पेटी होती, कांदे ठेवायला घेतलेली. पेटीच्या कडेला मी जांभ्या दगडाची भिंत आणि तिच्यावर बसलेली एक बाई काढली होती. ही मुलगी कांदे घेता घेता रोज त्या भिंतीकडे बघायची.

"ताई, ती भिंत कसली तापलेली वाटते! हात लावला तर चटका बसेल."

"उन्हाळ्यातलं लेबल आहे ते," मी म्हटलं.

तिच्याकडे एक गोष्ट होती. चिमा नावाच्या मुलीला सड्याच्या उघड्या माळावर वाट चुकलेला खेकडा सापडतो आणि ती त्याला भाट्याच्या खाडीत पोचवून येते. बारा चित्रं. सड्याचं कातळ, विहीर, पायऱ्या, दगडी गडगे, म्हणजे पानोपानी जांभाच. "आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव," ती म्हणाली. "चित्रे, हेमा शेट्ये."

गॅसवाल्याला म्हणावं तशा आवाजात मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन उपड्या बादलीवर थोडा वेळ बसून राहिले.

माझी चित्र काढायची पद्धत कुणी शिकवलेली नाही. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं जुनं कोरल होतं. त्यातला एकेक मेनू उघडून काय होतं ते बघत मी शिकले. मी पेन्सिलीनं काढत नाही. माऊसनं ठिपके ठेवते आणि मधली रेघ ओढून वाकवते. खेकड्याच्या एका पायाला सात ठिपके लागतात. आणि रंग मी डोळ्यांनी निवडत नाही, नंबरानं निवडते. पडद्यावर विश्वास ठेवू नये, हे छापखान्यात पहिल्याच आठवड्यात कळतं. चार शाया असतात, निळी, किरमिजी, पिवळी, काळी. कुठली किती टक्के, तो रंगाचा नंबर. काम छापून आलं की मी त्यातला बोटाएवढा तुकडा कापून एका लांबट वहीत चिकटवायची आणि शेजारी नंबर लिहायची. जांभ्याचा नंबर जमायला मला तीन हंगाम लागले. निळा वीस, किरमिजी पंचाहत्तर, पिवळा नव्वद, काळा पंधरा. मुलाची जन्मवेळ मला पत्रिकेत बघावी लागते, हा नंबर तोंडपाठ आहे.

पण वेदिकाच्या डिझायनरकडे कोरल नव्हतं. तिला चित्रं टॅबलेटवर काढलेली, थरांवर थर वेगळे ठेवलेली हवी होती. शिवाय माझं मनगट. डॉक्टर म्हणाले होते, माऊस सोडा नाहीतर पट्टा बांधून बसा. म्हणून शिमग्याला घरी आलेली माझी भाची ऋजुता तिचा जुना टॅबलेट घेऊन आली. ती पुण्यात असल्याच कसल्या तरी कामावर आहे.

"हे पेन, आत्या. कागदावर काढतेस तसंच काढायचं."

"मी कागदावर कुठे काढते?"

"बरं, मग जसं काढतेस तसं. आणि दोन बोटं टेकवली की मागचं पुसलं जातं."

"किती मागचं?"

"हवं तितकं."

"छापखान्यात लागले तिथपर्यंत जाता येईल?"

"तू ना, आत्या!"

तिनं तीन अ‍ॅपं घालून दिली. एक फुकटचं, एक विकतचं, एक दर महिन्याला पैसे कापणारं. प्रत्येकात दोन-दोनशे ब्रश. ओली शाई, सुका खडू, झिजलेला खडू, सांडलेलं पाणी. साडीच्या दुकानात बसावं तशी मी आठवडाभर बसले आणि काही न घेता उठले. माऊस मला वेळ द्यायचा. ठिपका ठेवला की विचार करायला जागा असायची. पेन लगेच उत्तर मागायचं. हात थरथरायचा आणि थरथर जशीच्या तशी चित्रात उतरायची. मी तोच खेकडा तिन्ही अ‍ॅपांत काढला. तिन्हीकडे मेलेला निघाला.

हळूहळू रेषा जमली. मग मी जांभ्याचा नंबर घातला आणि भिंत आली वाळलेल्या शेणासारखी.

चार चित्रं पाठवली. वेदिकाचा निरोप आला, "रेषा छान आहे, ताई. पण भिंत मळकी वाटते. पेटीवर होती तशी हवी." मी अ‍ॅप बदललं. भिंत मळकीच. तिसऱ्यात घातला नंबर. मळकी. पट्टा बांधून घरच्या कोरलवर गेले, तिथूनही पाठवलं. तिथल्या पडद्यावर ती पहिल्यापासून मळकीच दिसायची, पण पडदा खोटा असतो हे मला माहीत होतं. तिला नव्हतं.

गुरुवारी तिचा फोन आला. आवाज फार गोड होता, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"ताई, रविवारपर्यंत बघू या. नाहीतर आमचे सर म्हणतायत, रंगाचं काम इथली मुलगी करेल. तुमचं नाव राहीलच, आतल्या पानावर. रेखाटन म्हणून."

आतल्या पानावर. म्हणजे तळाला, बारीक अक्षरांत.

ऋजुताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आत्या, तीन अ‍ॅपं आणि तुझं कोरल, चौघंही तेच दाखवतायत ना? मग नंबरच चुकला असेल."

"नंबर चुकत नाही. वहीत आहे."

"वहीत आहे म्हणून..."

"मला आमटी बघायची आहे," म्हणून मी फोन ठेवला. आमटी सकाळीच झाली होती.

शुक्रवारी वही, पेटीचं जुनं लेबल आणि टॅबलेट पिशवीत घालून मी हातखंब्याची एसटी धरली. केरूकाका गोताड तिथल्या एका वाडीत राहतात. छापखान्याच्या मशीनवर तीस वर्षं तेच होते, दोन वर्षांपूर्वी मी काम सोडलं तेव्हाच तेही घरी बसले. माझ्या मनात एवढंच होतं, की माझा नंबर बरोबर आहे असं जगात एक तरी माणूस म्हणू दे. मग रविवार येवो नाहीतर जावो.

ते अंगणात खराट्यासाठी झावळीचे हीर काढत बसले होते.

"काय गो हेमाबाय, उन्हाची इकडं कुठं?"

मी पायरीवर बसले आणि वही त्यांच्यापुढे उघडली. "काका, हा जांभा आठवतो?"

"ह्यो? ह्यो कसा इसरेन! लय तरास दिलान ह्यानं."

"नंबर बघा. बरोबर आहे ना?"

त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली. मग मला परत दिली. "नंबर तुझा बरोबर असंल. पण त्या नंबरानं मी कधी छापलाच नाय."

"म्हणजे?"

"तिसऱ्या हंगामाला तू ह्यो नंबर दिलास, पयला कागद काढून बघितला तर भित सगळी चिखल. तुला इचारायला आलो तर तू घरी गेलेलीस, पोराला ताप होता तुझ्या. मग मीच काळी शाई उतरवली. थोडी थोडी करून पार काढलीच. किरमिजी चढवली. तवा कुठं भित तापली."

"आणि नंतर?"

"नंतर काय, दर खेपेला तसाच."

"इतकी वर्षं? मला सांगितलं नाहीत ते?"

केरूकाकांनी एक हीर सोलून बाजूला ठेवला. "काय सांगायचा गो? तू यायचीस, कातर घेऊन तुकडा कापायचीस, वहीत चिकटवायचीस. इतकी खूश असायचीस."

मी वहीकडे बघत राहिले. शेजारीशेजारी नंबर आणि तुकडा. नंबर माझा, तुकडा यांच्या हातचा, आणि मध्ये मी स्वतः गोंद लावलेला. मला राग यायला हवा होता. पण राग यायलाही थोडी ताकद लागते, ती तीन अ‍ॅपांत संपली होती. पायरी जांभ्याची होती, साडीतून पोळत होती. तिला कुणाचाही नंबर माहीत नव्हता.

"पाणी आणू?" त्यांनी विचारलं.

"नको. हे धरा." मी टॅबलेट काढला.

त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, एकाचा राहिलाय. त्यांनी आधी हा डोळा झाकला, मग तो. "कुठल्या डोळ्यानं बघू? नव्या डोळ्यानं सगळा निळा दिसतो."

"छापायचात तेव्हा कुठला होता?"

"तवा दोन्ही जुनेच." त्यांनी नव्या डोळ्यावर पंजा ठेवला. एका हातात लेबल धरलं आणि टॅबलेटवर वाकले. "काळा उतरव. आणखी. काय जीव अडकलाय त्याच्यात? पार काढ. आता किरमिजी चढव. चढव... बास. बास बोललो ना!"

भिंत तापली. टॅबलेटवर, माझ्या मांडीवर, भर अंगणात. निळा दहा, किरमिजी ब्याऐंशी, पिवळा नव्वद, काळा शून्य.

मग आम्ही वही पहिल्या पानापासून घेतली. समुद्र, माड, भाताचं खाचर, चिमाच्या परकराला घेतलेला हिरवा. पुस्तकाला लागणाऱ्या सोळा रंगांपैकी अकरा केरूकाकांनी मशीनवर बदललेले निघाले. प्रत्येक वेळी ते आधी जरा लाजायचे, मग म्हणायचे, "ह्याच्यात पण थोडा केलेला." खेकड्याचा रंग मात्र माझाच निघाला, कारण खेकडा मी यापूर्वी कधी छापलाच नव्हता. चारच्या एसटीपर्यंत आम्ही बसलो होतो.

तीन अ‍ॅपांतलं फुकटचं मी ठेवलं. त्यातली रंगाची पट्टी जाड होती आणि केरूकाकांना एका डोळ्यानं दिसत होती, एवढंच कारण. पुढे कुणी विचारलं तर काहीतरी भारदस्त सांगेन. रेषा मात्र परत कोरलमध्येच काढल्या, पट्टा बांधून, वीस वीस मिनिटं. त्या चित्र म्हणून टॅबलेटवर नेल्या आणि रंग तिथे थरांवर भरले. कोणत्याही वर्गात अशी उलटी पद्धत शिकवत नसतील. शनिवारी दुपारी चार चित्रं गेली.

पाच मिनिटांत वेदिकाचा फोन. "ताई! हीच ती भिंत! काय बदललंत?"

"काळा काढला," मी म्हटलं.

"उरलेली आठ तुम्हीच रंगवायची. सरांना मी सांगते. आणि मुखपृष्ठाची अक्षरंही तुम्हीच करा ना. तुमचं नाव तुमच्याच हातानं."

नाव मी लगेच केलं. खेकड्याच्या खाली जागा चांगली होती. चित्रे : हेमा शेट्ये. अठरा वर्षं मी लोकांची नावं बसवली होती, कुठे अक्षर चेपायचं, कुठे सैल सोडायचं हे हाताला माहीत होतं. माझं नाव ऐटीत बसलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी चहा केला. चहा पिता पिता पुन्हा बघितलं. मागे भिंत तापत होती.

चहा संपल्यावर केरूकाकांना फोन लावला.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय? पुस्तकावर घालायचंय."

"माझा? कशाला?"

"रंगासाठी."

मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. "पुस्तकात आंबा हाय काय?"

"नाही. खेकडा आहे."

"मग घाल. आंबा असता तर नको बोललो असतो. आंबे लय झाले." आणि मग, एकेक अक्षर मशीनवर बसवावं तसं, "केरू धोंडू गोताड. धोंडू मोठा काढ, बापूस हाय."

खेकड्याखाली दोन ओळी मावत नव्हत्या. मनगट ठणकत होतं. मी माझं नाव कोपऱ्याला धरलं आणि थोडं लहान केलं.