बंद पडलेली गणितं

चुकीला प्रत्येक कचेरीत काहीतरी ठरलेली शिक्षा असते. कुठे साहेबांची बोलणी, कुठे पगाराला कात्री. डेन्मार्कमधल्या आमच्या खाडीकाठच्या कचेरीत ती शिक्षा गोड होती. ज्याचं गणित संगणकात मध्येच बंद पडेल, त्याने शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा! वर टोमणे फुकट.

टोमणे कुणाला आवडतात? फार वर्षांपूर्वी कुणीतरी हुशारी केली आणि संगणकालाच सांगून ठेवलं, की बंद पडलेलं गणित गुपचूप टाकून दे, उरलेल्यांची सरासरी काढ. झाकली मूठ सव्वा लाखाची! ही हुशारी कुणाची, हे पुढे सगळेच विसरले.

सिसेल तिथे खाडीचं मॉडेल सांभाळायची. मॉडेल म्हणजे आकड्यांतली खाडीच. शेतातून किती खत वाहून येईल, त्यावर किती शेवाळ माजेल, ते कुजताना तळाचा किती प्राणवायू खाईल, मासे जगतील का, हे सगळं त्यात. पुढचं हवामान कुणाला ठाऊक? म्हणून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवायचं, कधी वारा कमी धरून, कधी ऊन जास्त धरून. उत्तर दर वर्षी एकच, खाडी ठीक आहे. त्या उत्तराच्या भरवशावर नगरपालिका काठावर डुकरांची नवी शेडं मंजूर करायची.

गेल्या ऑगस्टमध्ये वारा पडला तो पडलाच, पाणी ढवळून प्राणवायू खाली पोचेना, आणि खाडीचा तळ मेला. वाम आणि चपटे मासे तोंडं उघडी टाकून काठाला लागले. सिसेल त्यांच्या शेजारून सायकलने कचेरीत गेली आणि अहवालात तिने लिहिलं, ‘हवामान असाधारण होतं.’ तिला वाईट वाटलं नाही. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं तिचं आत झालं होतं, आणि वर्ष होत आलं तरी ती सुई उतरली नव्हती.

अशात एका मोठ्या शेडाचा अर्ज आला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची सभा होती. "ठीक आहे एवढंच लिहून दे," असं साहेब क्रेस्टन सकाळीच सांगून गेला होता.

दुपारी जेवणाच्या टेबलावर एबे तिच्यासमोर बसला. गणितात केस पांढरे केलेला माणूस, निवृत्तीला टेकलेला.

"काय म्हणते खाडी?" काळ्या पावावर खारवलेला हेरिंग मासा मांडत त्याने विचारलं.

"ठीक आहे म्हणते."

"मेल्यावरसुद्धा? गुणाची आहे गं!"

"मी नाही, मॉडेल म्हणतंय."

"किती वेळा चालवलंस?"

"हजार."

"आणि उत्तरं किती आली?"

"सहाशेच्या आसपास."

"मग बाकीची कुठे गेली? डुकरांनी खाल्ली?"

"बंद पडली असतील रे. पडतातच ती."

"केव्हा पडतात, ते कधी बघितलंस?"

तिने कधीच बघितलं नव्हतं. जेवण अर्धं टाकून ती जागेवर गेली. टाकलेलं एकेक गणित उघडलं, तर सगळी एकाच जागी अडलेली. उन्हाळा, पडलेला वारा, आणि तळाचा प्राणवायू शून्य. शून्यातून आणखी वजा करायची वेळ आली, की संगणक गांगरून थांबायचा. म्हणजे खाडी मेली की गणित बंद पडत होतं, आणि बंद पडलं की फेकलं जात होतं! सरासरीत उरत होत्या फक्त जिवंत खाड्या.

तरीही तिला काही वाटलं नाही. तिने गार कॉफी संपवली आणि एबेला घेऊन क्रेस्टनच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"आत्ता?" क्रेस्टन कपाळाला हात लावून म्हणाला. "लोक विचारतील, इतकी वर्षं झोपला होतात का?"

"झोपलोच होतो की!" एबे म्हणाला. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? अरे, मॉडेल बिचारं ओरडून सांगत होतं. आपण केकच्या भीतीने त्याचं तोंड दाबलं!"

बाहेर आल्यावर सिसेल हळूच म्हणाली, "एबे, मला आत काहीच होत नाही रे. उद्या काय बोलू मी?"

"वाटायची वाट बघत बसू नकोस. आधी कर. वाटायचं ते मागाहून वाटेल."

सभेत ती सपाट आवाजात बोलली. बंद पडलेली गणितंही तिने मोजून दाखवली. अर्जदार शेतकरी उसळून उठला, "मग आधीच्या परवानग्या?"

"त्याही माझ्याच चुकीच्या उत्तरावर दिल्या गेल्या," ती म्हणाली. नव्याने हिशेब होईपर्यंत मंजुरी थांबली.

शुक्रवारी तिने साय आणि स्ट्रॉबेरीचा भलाथोरला केक आणला. एकानेही टोमणा मारला नाही.

"एवढा मोठा कुणासाठी गं?" क्रेस्टनने विचारलं.

"काठाला लागलेल्या त्या..." पुढचा शब्द तिच्या तोंडून फुटेना. सुरी तशीच केकमध्ये राहिली आणि सिसेल सगळ्यांसमोर हमसाहमशी रडली. वर्षभराचं रडणं ते!

मित्रहो, जिथे चुकीची थट्टा होते तिथे चुका कमी होत नाहीत, त्या लपायला शिकतात. आणि लपवलेल्या चुकीची शिक्षा भोगतो भलताच कुणीतरी, ज्याला तोंड उघडता येतं पण बोलता येत नाही. घरात असो, कचेरीत असो, बंद पडलेलं आधी उघडून बघा!

आमच्याकडे आता नियम उलटा झाला आहे. बंद पडलेलं गणित जो सर्वांसमोर मांडेल, त्याला बाकीच्यांनी केक द्यायचा. केक बरेच होतात. खाडीच्या तळाशी मात्र अजून काही हललेलं नाही.