रेघेसकट उतरवलेला लेख

अहो, दचकू नका, मी लेख बोलतोय. इंटरनेटवरचा, मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेला. बंद पडलेली लिफ्ट हाताने मजल्यावर कशी आणायची, ते माझ्यात लिहिलंय.

माझे मालक लिफ्ट मेकॅनिक. मशीनरूममध्ये रेंज नसते, म्हणून त्यांनी मला जसंच्या तसं उतरवलं. ठळक अक्षरं, निळे दुवे, दुव्यांमागची चित्रंसुद्धा! मग चौदा महिने ढुंकून पाहिलं नाही. माझ्यासारखे तीनशे जण तिथे ताटकळत होते. सासूबाई मालकांना म्हणायच्या, "जावईबापू, नुसतं साठवता, वाचता कधी?" मला त्या बाई फार आवडायच्या.

त्यांचा मुलगा, म्हणजे मालकांचा मेव्हणा, त्याच धंद्यात. भलता हुशार! त्याने माझी नुसती अक्षरं कॉपी करून घेतली. "नटवेपणा हवाय कशाला?" म्हणे.

एके दुपारी खुद्द सासूबाईच लिफ्टमध्ये अडकल्या, अगदी वरच्या मजल्याच्या जरा खाली. दोघे मशीनरूमकडे धावले. मशीन जुन्या बनावटीचं, दोघांनाही नवखं. मालक फोनमध्ये मला शोधू लागले. मेव्हण्याने फोन काढून घडाघडा वाचलं, "आधी ब्रेक सैल करा, मग मेन स्विच बंद करा. ब्रेकचं चित्र येथे पाहा." त्या ‘येथे’वर त्याने बोट आपटून आपटून पाहिलं. काही उघडेना. मला हसू आवरेना.

चित्र राहिलं बाजूला, पठ्ठ्याने अंदाजाने ब्रेकच्या दांड्याला हात घातला.

"अरे थांब!" मालक ओरडले. त्यांनी मला उघडलं होतं. ते पहिलं वाक्य चुकलं म्हणून माझ्या लेखकाने आडवी रेघ मारून खोडलंय, आणि खाली लिहिलंय: आधी मेन स्विच बंद, मगच ब्रेक; नाहीतर मोटर मध्येच सुरू होऊन लिफ्ट धावू शकते. मेव्हण्याने अक्षरं नेली, रेघ माझ्याकडेच राहिली! माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

मालकांनी स्विच पाडला, माझा दुवा दाबून चित्र पाहिलं आणि इंच इंच करत लिफ्ट मजल्याला लावली.

सासूबाई बाहेर आल्या त्या थेट लेकाकडे. "आधी ब्रेक सैल करा, काय रे? आत सगळं ऐकू येत होतं मला." मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "तो लेख माझ्या फोनवर घाला. रेघेसकट."

आता मी त्यांच्याकडे असतो. बाई मला रोज कुणाला तरी वाचून दाखवतात. तुम्हीही कुणाला उतरवून घ्याल तर सगळाच्या सगळा घ्या, एवढंच सांगणं. खोडलेली ओळ वाचायची नसते, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. पण लेक जेवायला बसला की तीच आधी वाचतात, मोठ्याने.