हरणाला प्लग होता

कतारमध्ये डोंगर नाहीत, हे कतारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. फक्त विन्सेंट अंकलना ते कोणी सांगितलेलं नाही, आणि आता त्यांचं वय बघता सांगायची कोणाची छातीही होत नाही. दुखानच्या अलीकडे झिकरीत पांढऱ्या दगडाचे जे उंचवटे आहेत, ज्यांच्यावर आपल्याकडे कोणी पाण्याची टाकीसुद्धा बांधणार नाही, त्यांना ते 'आमचे डोंगर' म्हणतात. त्यातल्या सगळ्यात उंच उंचवट्याचं नाव 'मोठा डोंगर'. तो चढताना पॉलीन आंटींच्या हातातल्या कपातला चहा सांडत नाही.

या डोंगरांत दर थंडीत शिकार होते. विन्सेंट अंकलचे आजोबा वसईच्या रानात बंदूक घेऊन हिंडायचे. नातू दोह्यात हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये ग्लव्ह्जची खोकी सांभाळतो. त्यामुळे बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण बाकीचे नियम आजोबांचेच राहिले. वाळवंटात तंबू ठोकायचा मोसम उघडला की पहिल्याच शुक्रवारी निघायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, अत्तर लावायचं नाही. आणि हरीण लांबूनच टिपायचं, या डोंगरावरून त्या डोंगरावर.

"जवळून टिपलं तर ती शिकार नाही," अंकल म्हणायचे, "तो पासपोर्ट फोटो."

सुशांतला शिकारीत काडीचा रस नव्हता. त्याला गाडीतली सीट हवी होती.

तो सांगलीचा, दोन वर्षांच्या आयटी काँट्रॅक्टवर आलेला, दोह्यातल्या अल हिलालमध्ये अंकलच्याच बिल्डिंगमध्ये एकटा राहणारा. आठवड्याचे बाकी दिवस ऑफिस खाऊन टाकायचं. शुक्रवार मात्र त्यालाच खायला उठायचा. एका शुक्रवारी त्याने वॉशिंग मशीनसमोर खुर्ची टाकून अख्खं धुणं पाहिलं, आणि मशीन थांबलं तेव्हा त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दर शुक्रवारी खिडकीतून त्याला अंकलची गाडी निघताना दिसायची, आणि संध्याकाळी परतताना गाडीच्या आधी हसण्याचा आवाज यायचा.

त्या गाडीत अंकल आणि आंटी पुढे बसायचे. मागे त्यांची भाची रिबेका, नर्स, आणि मधे बर्फाचा डबा. डबा रिबेकापेक्षा सीनियर असल्याने त्याला हलवायचा प्रश्नच नव्हता. उरली एक खिडकीची सीट. तिच्यावर बसणारा फ्लॉइड कॅनडाला गेला होता, आणि ती जागा भरायची म्हणजे उमेदवाराने पहिल्या दिवशी शिकार करून दाखवायची.

"गेल्या वर्षी मिहीरला नेलं होतं," गाडी दुखान रोडला लागल्यावर रिबेका म्हणाली. "त्याने हरणाबरोबर सेल्फी काढायचा प्रयत्न केला."

"मग?"

"आता तो शुक्रवारी क्रिकेट खेळतो." मिहीर या जगात नसल्यासारखी तिने छातीवर क्रॉसची खूण केली.

सुशांतने मांडीवरची लेन्स घट्ट धरली. ऑफिसातल्या शफीककडून त्याने ती मागून आणली होती. चांगल्या जून दुधी भोपळ्याएवढी होती. 'इससे चाँद पे आदमी दिखता है,' असं शफीक म्हणाला होता. चंद्रावर सध्या कोणी नसल्यामुळे सुशांतने ती तपासून पाहिली नव्हती.

मोठ्या डोंगरावर पोचल्यावर चौघं पालथे पडले. ऊन अजून कोवळं होतं, खाली समुद्राची निळी कड दिसत होती, आणि पॉलीन आंटी झोपल्या झोपल्या कटलेट वाटत होत्या. तेवढ्यात अंकलनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"समोर," ते कुजबुजले. "डावीकडच्या डोंगरावर. मान वर. शिंगं बघ, शिंगं!"

सुशांतने लेन्स लावली. खरंच हरीण होतं, आणि ते उभं होतं अगदी मराठीच्या पुस्तकातल्यासारखं. त्याने बटण दाबलं. हरीण हललं नाही. पुन्हा दाबलं. उभा, आडवा, उजेड वाढवून, कमी करून, सगळे फोटो काढून झाले. हरीण हललं नाही.

"काय शिस्त आहे!" अंकलचे डोळे भरून आले होते. "अरे, फ्लॉइडला असं हरीण उभ्या जन्मात मिळालं नाही. आंटीला सांग, सीटवरची टोपली काढ म्हणावं."

"मी इथेच आहे," आंटी म्हणाल्या. "काढते."

सीट मिळाली. पुढचा शुक्रवार, त्याच्या पुढचा, सगळे शुक्रवार रांगेने उभे राहिले. आनंदाच्या भरात त्याने फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. हरणाच्या पोटाभोवती बल्बची माळ होती. माळेची वायर मागे खाली लोंबत होती.

त्याने फोटो लहान केला. लहान केल्यावर हरीण पुन्हा हरीण झालं. अंकलची नजर अधू होती. रिबेका कटलेट खात होती. कोणाला काही कळणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला असता, 'थँक यू अंकल,' की खलास, काम झालं असतं.

पण अंकल दुर्बीण छातीशी धरून म्हणत होते, "आजोबा असते तर आज..."

"अंकल," सुशांत म्हणाला, "हरणाला प्लग आहे."

"काय आहे?"

"प्लग. तीन पिनचा."

"कुठे?"

"शेपटीपाशी."

अंकलनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. हरीण प्लायवुडचं होतं. कोणीतरी आपल्या तंबूच्या सजावटीसाठी कापून, रंगवून उभं केलं होतं.

"तरीच," पॉलीन आंटी म्हणाल्या, "मघापासून मला त्याच्या पायाखाली विटा दिसत होत्या."

"मग सांगायचं नाही?"

"बोलायचं नाही असा तुझाच नियम आहे ना, विन्सेंट?"

अंकल काही बोलणार एवढ्यात सुशांतला वाटलं, कोणीतरी आपली पँट ओढतंय. त्याने मागे पाहिलं. एक हरीण, हाडामांसाचं, दोन शिंगांचं, त्याच्या मागच्या खिशात तोंड घालून उभं होतं. खिशात आईने पाठवलेल्या शंकरपाळ्यांची पुडी होती.

"मार!" अंकल ओरडले. "म्हणजे फोटो मार!"

सुशांतने वळून लेन्स रोखली. समोर नुसतं तपकिरी धुकं. चंद्रावरचा माणूस दाखवणाऱ्या लेन्सला हातभरावरचं हरीण दिसत नव्हतं. तो चार पावलं मागे गेला. हरीण चार पावलं पुढे आलं. तो डोंगर उतरला, हरीणही उतरलं. तो पळाला.

आजोबांच्या काळापासून शिकारी हरणामागे धावत आलेले. इथे शिकारी पुढे होता, हातात दुधी भोपळा, मागे हरीण, आणि वरून वसईचा म्हातारा हातवारे करत ओरडत होता, "लांब जा रे! अजून लांब! नियमात बस!"

"शंकरपाळ्या टाक!" रिबेका हसून हसून खाली बसली होती.

"आईने दिल्यात!" सुशांत धावता धावता ओरडला.

धावताना त्याने मागे न बघताच बरेच फोटो काढले. ते नंतर पाहिले तेव्हा सगळ्यांत एकच गोष्ट होती: नाकपुडी. एका फोटोत दोन होत्या.

शेवटी दमून तो गाडीत शिरला. तो ज्या दाराने शिरला, त्याच दाराने हरीण शिरलं. सुशांत पलीकडच्या दाराने बाहेर पडला. हरीण पडलं नाही. खिडकीच्या सीटवर पाय मुडपून बसलं, बर्फाच्या डब्यावर मान टेकली आणि डोळे मिटले.

"सीट भरली," रिबेका म्हणाली.

हरणाच्या गळ्यात पट्टा होता आणि पट्ट्यावर फोन नंबर. रिबेकाने फोन लावला. "सुलतान?" पलीकडून थकलेला आवाज आला. "फिर भाग गया?"

मालकाचं नाव मजीद. त्याचा तंबू प्लायवुडच्या हरणाशेजारीच होता. सुलतानला उतरवायचा प्रयत्न फसल्यावर त्याला तसंच न्यायचं ठरलं. सुलतान सीटवर बसून गेला, सुशांत डिकीत कॅमेऱ्याच्या तिवईला मिठी मारून गेला. काचेतून त्याला आपली सीट दिसत होती. तिच्यावरचा उमेदवार रवंथ करत होता.

मजीद दांडगा, हसरा माणूस. त्याने सगळ्यांना गालिच्यावर बसवलं, गावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पुढे केले, आणि हिंदीत सगळं समजावून सांगितलं. सुलतान एकुलता एक. त्याला एकटं वाटू नये म्हणून मजीदने हौसेने प्लायवुडचा भाऊ करून घेतला, वर लायटिंग केली. तेव्हापासून सुलतान घरात टिकत नाही.

"लाइट पसंद नहीं उसको," मजीद म्हणाला.

"शुक्रन," अंकलनी कॉफीबद्दल आभार मानले, पण त्यांचा चेहरा पडला होता. मोसमाचा पहिला दिवस कोरा चालला होता. त्यांनी सुशांतकडे पाहिलं, मग हरणाकडे, मग डोंगराकडे. "अजून एकदा प्रयत्न कर बाबा. तू डोंगरावर जा, आम्ही ह्याला इथे धरतो."

सुशांत निघाला. सुलतान सगळ्यांच्या हातून सुटून त्याच्या मागे निघाला. हे तीनदा झालं. सुशांत जिथे, तिथे सुलतान; या दोघांमध्ये लांब अंतर पडणं शक्यच नव्हतं.

"मग ह्यालाच धरा," आंटी म्हणाल्या. "सुशांतला. विन्सेंट, तू जा वर."

तेव्हा सुशांत तंबूपुढे उभा राहिला, सुलतान त्याला चिकटून उभा राहिला, आणि विन्सेंट अंकल शफीकची लेन्स बाळासारखी कडेवर घेऊन मोठ्या डोंगरावर चढले. तिथून त्यांनी एकच फोटो काढला. शिंगांपासून शेपटीपर्यंत पूर्ण हरीण, भरपूर लांबून, नियमाला धरून. शिकार झाली होती. पण ती अंकलची झाली होती. परतीच्या वाटेवर रिकाम्या सीटवर सुशांतच बसला, पण ती त्याची झाली की नाही, हे ठरलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी आंटींचा फोन आला. "ये रे. वाटे करायचेत."

"कसले?"

"हरणाचे."

अंकलच्या जेवणाच्या टेबलावर कालचा फोटो मोठा छापून अंथरला होता आणि आंटींच्या हातात कात्री होती. शिकारीचे वाटे घालायचे हाही आजोबांचा नियम. हरीण कागदाचं झालं म्हणून तो काही सुटत नव्हता. फ्रिजवर गेल्या कित्येक मोसमांच्या मांड्या चिकटवलेल्या होत्या. आंटींनी कात्री चालवली आणि मधेच थांबल्या.

"विन्सेंट, हा पोरगा हरणाला इतका चिकटलाय की एकाला सोडून दुसरा कापता येत नाही."

"शिकारीत सापडला, आता कापा," अंकल म्हणाले.

वाटे पडले. तुकडे न बघता नावं घ्यायची म्हणून अंकल रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आंटींनी पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"रिबेकाचा." रिबेकाला मागचे पाय आणि सुशांतचे गुडघे मिळाले.

"हा कोणाचा?"

"तुझा." आंटींना पाठ आणि सुशांतचा एक खांदा.

"हा?"

"माझा." अंकलना शिंगं, आणि शिंगांमागून डोकावणारं सुशांतचं निम्मं तोंड.

टेबलावर अजून एक तुकडा उरला होता. आंटींनी त्यावर बोट ठेवलं. "आणि हा कोणाचा?"

अंकल भिंतीकडे बघत राहिले.

"ज्याने प्लग सांगितला त्याचा," अंकल म्हणाले, आणि वळले. "मी सांगितला नसता बरं का. फोटो गप्प घरी आणून फ्रेम केला असता. शुक्रवारी लवकर खाली ये. आणि सीट झाडून घे आधी, मी झाडणार नाही."

सुशांत जिने उतरला ते दोन-दोन पायऱ्या गाळत. घरी येऊन त्याने आपला तुकडा फ्रिजवर चिकटवला आणि त्याचा फोटो आईला पाठवला: हरणाचं पोट, आणि पोटावर ठेवलेला त्याचा हात.

आईचं उत्तर लगेच आलं. "हरीण चांगलं खातंपितं दिसतंय. तुझं कोपर का रे एवढं वाळलंय?"