अल्माइराचे माहेर

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पण तुम्ही मला शोधून काढू शकला नसता, कारण सव्वाशे वर्षे मी दुसऱ्याच एका गोधडीच्या पोटात होते.

माझा जन्म १८५२ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातला. अल्माइरा ही नवी नवरी नवऱ्याबरोबर दूर आयोवाला निघाली होती. पुन्हा भेट होईल अशी कोणालाच आशा नव्हती. अशा मुलीसाठी तिथल्या बायका एकेक चौकोन शिवत आणि त्यावर शाईने आपले नाव लिहीत. निघायची घाई होती, म्हणून माझ्यात कापूस भरायचाही राहून गेला. माझ्यावर शेजारणींची, मैत्रिणींची तीस नावे होती. मधला चौकोन आईचा. तिने घरच्या काळ्या शाईत इतके दाबून लिहिले की लेखणीचे टोक मोडले.

आयोवात अल्माइरा रोज त्या नावावरून बोट फिरवायची. ती गेल्यावर सून म्हणाली, "विटली म्हणून काय झालं? कापूस काय फुकट येतो? हीच घाला आत." मग माझ्यावर निळे कापड चढले. लोक पांघरूण घेत, पण त्यात मी आहे हे पुढे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

अल्माइराच्या खापरपणत्या वर्ना आणि ओपल या दोघी बहिणी. त्यांनी बारा वर्षे अल्माइराचे माहेर शोधले. थडग्यावर नुसते 'बास्कमची पत्नी'. जुन्या शिरगणतीत फक्त घरच्या कर्त्याचे नाव. लग्नाची नोंद कचेरीच्या आगीत जळालेली. हिवाळ्यात दोघी गुडघ्यांवर मला घेऊन कागद चाळत बसायच्या.

"वर्ना, ही बाई काय आभाळातून पडली होती का गं?" ओपल विचारायची.

"पडली असेल. तुझ्यासारखीच हट्टी असणार!"

आणि मी त्यांच्या गुडघ्यांवर, पोटात सगळी नावे घेऊन, मुकी. इतके एकटेपण मला कधीच वाटले नव्हते.

गेल्या वर्षी ओपल गेली. वर्नाने कागद खोक्यात भरून टाकले. परवा दुपारी भाचेसून डार्ला आली.

"मावशी, ही गोधडी कुत्र्याला नेऊ? पार चिंध्या झाल्यात."

"ने. पण झटकून ने बाई, नाहीतर तुझा कुत्रा शिंकून मरायचा."

डार्लाने झटकताच शिवण उसवली. "मावशी, आत दुसरीच आहे!"

वर्नाने निळे कापड कापले. शेजारणींची नावे फिकी पण शाबूत होती. मधल्या चौकोनात मात्र नुसती भोके. आईच्या कडक शाईने कापडच खाल्ले होते. "हेच नेमकं गेलं," वर्ना म्हणाली आणि खाली बसली. मला रडू येत असते तर मी तेव्हा रडले असते.

घडी घालायला डार्लाने मला खिडकीपाशी उचलून धरले. भोकांतून ऊन आले. जिथे शाई होती, नेमके तिथूनच आले.

"तुझी आई, लोव्हिना पेकहॅम," वर्नाने उन्हातली अक्षरे वाचली. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ती म्हणाली, "ओपल, माहेर सापडलं गं."

मित्रांनो, जुने कापड टाकण्याआधी एकदा उसवून पाहा. पण उशीर करू नका. बारा वर्षे मी ओपलच्या गुडघ्यांवरच होते.